विकावयाच्या मोटारीची चकाकी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस एक मोटार घासली. मोटार माझी नव्हे, काकांची. तेरा वर्षे ती आमच्या दारात उभी होती आणि तेरा वर्षांत तिच्या रंगाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. पाहिले ते, ती नाशिकला देऊन तिच्या बदल्यात दुसरी घ्यावयाची असे ठरल्यावर! चौथ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या आजी अंगणात आल्या. मोटारीच्या दारात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्या म्हणाल्या, "एवढी देखणी होती का रे ही? मग आता काढता कशाला?"

मी हसून वेळ मारून नेली. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता आणि तो मला पुढे बरेच दिवस छळत राहिला. जी वस्तू आपण इतकी वर्षे टाकून दिल्यासारखी वापरली, तिला विकावयाच्या आदल्या दिवशी नटवणे ही फसवणूक आहे की नाही? घरात या प्रश्नावर वाद झाला, तो वाद वर्गापर्यंत आला, आणि आता तो या अंकात येत आहे. माझे मत मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी मोटारीची हकिगत सांगितली पाहिजे, कारण माझे मत त्या चार दिवसांतच बनले आणि नंतर एका दिवसात थोडे बदललेही.

पेठचा पाऊस आपणां सर्वांना ठाऊक आहे. जूनच्या मध्याला तो एकदा सुरू झाला की दारातली मोटार चार महिने भिजत राहते. आमची मोटार आंब्याखाली उभी असे. सावली आहे, म्हणजे मोटारीची काळजी घेतली, अशी काकांची समजूत. वास्तविक आंबा हा मोटारीचा मोठा वैरी. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे आंब्याचा रस शोषतात आणि मधासारखा चिकट स्राव खाली टाकतात. त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी चढते. शिवाय पाखरांची विष्ठा. तिच्यातील आम्ल उन्हात तापलेल्या रंगाला चावते आणि डाग कायमचा राहतो. खिडक्यांच्या रबरांत हिरवे शेवाळ उगवले होते. मूळचा लाल रंग टपावर आणि बॉनेटवर फिकट गुलाबी झाला होता. बोट फिरवले की खडूसारखी भुकटी बोटाला लागे.

येथे मला आपल्या भागातल्या डांगी जनावरांची आठवण होते. डांगी बैलाच्या कातडीतून एक तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे सह्याद्रीच्या पावसातही पाणी त्याच्या अंगावर ठरत नाही. निसर्गाने त्याला रेनकोट जन्मतःच दिला आहे. मोटारीला तो माणसाने द्यावा लागतो, आणि तो म्हणजे मेण. गंमत अशी की चांगल्या प्रतीचे मेणही झाडाचेच असते. ब्राझीलच्या ईशान्य भागात कार्नौबा नावाचे ताडाच्या कुळातले झाड आहे. पाने वाळून जाऊ नयेत म्हणून ते पानांवर मेणाचा थर धरते. ती पाने वाळवून त्यांवरचे मेण काढतात आणि ते मोटारीच्या पॉलिशमध्ये घालतात. आम्ही तेरा वर्षांत आमच्या मोटारीला असे मेण एकदाही लावले नव्हते.

पहिला दिवस धुण्यात गेला. धुणे म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. मीही म्हणत होतो. कपड्याचा साबण घेऊन मी बादली भरली तेव्हा गॅरेजातल्या मेस्त्रीने मला थांबवले. कपड्याच्या साबणाने रंगावर उरलासुरला मेणाचा थरही निघून जातो. सावलीत धुवावे, उन्हात नव्हे, कारण पाणी जागेवर वाळले की त्याचे पांढरे ठिपके राहतात. दोन बादल्या घ्याव्यात. एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडके खळबळण्यासाठी साध्या पाण्याची. एकाच बादलीत फडके बुडवत राहिलो तर धुऊन काढलेली वाळूच आपण पुन्हा रंगावर घासतो. मोटारीच्या अंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात ना, त्या रस्त्यावर पडलेल्या नसतात. त्या आपल्याच हाताने, आपल्याच फडक्याने पडलेल्या असतात. काळजीने केलेली इजा ती हीच!

दुसऱ्या दिवशी डांबराचे ठिपके आणि चिकटलेला कचरा काढला. मेस्त्रीने एक युक्ती सांगितली. धुतलेल्या रंगावरून नुसता हात फिरवा, तो गुळगुळीत वाटेल. मग तोच हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, वाळूच्या कागदावरून फिरल्यासारखा खरखर लागेल. मी करून पाहिले. अगदी खरे निघाले. डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि बोटांना गुळगुळीत वाटते तेथेही किती घाण बसलेली असते! ती काढायला चिकणमातीसारखी एक वडी मिळते. साबणाचे पाणी शिंपडून ती हलक्या हाताने फिरवायची. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, कारण तिला चिकटलेला एक खडा सगळ्या दाराचे वाटोळे करतो.

तिसऱ्या दिवशी खरे काम सुरू झाले. रबिंग कंपाउंड म्हणजे अतिशय बारीक घासणी. फडक्यावर घेऊन ते बॉनेटवर फिरवले, आणि दोन मिनिटांत फडके लालभडक झाले. काका ओरडले, "अरे, रंग निघतोय! थांब, थांब!" मीही घाबरलो. मेस्त्री मात्र हसला. आमच्या मोटारीचा रंग जुन्या पद्धतीचा, एकथरी होता. हल्लीच्या बहुतेक मोटारींना रंगाच्या थरावर पारदर्शक वार्निशासारखा आणखी एक थर असतो. तो घासला तर फडके रंगत नाही. एकथरी रंगात मात्र वरचा उन्हाने मेलेला पापुद्रा निघतो, तो फडक्यावर येतो आणि खालचा जिवंत रंग वर दिसतो. फडक्याला लागला होता तो मेलेला रंग. त्याच्याखाली तेरा वर्षांपूर्वीचा लाल तसाच होता.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोटारीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन धरला, तर रंग म्हणजे दोन केसांइतका. कंपाउंड मारले की त्यातला किंचित भाग कायमचा जातो. म्हणजे पॉलिश करणे म्हणजे काही चढवणे नव्हे, तर काहीतरी कमी करणे आहे. चकाकी बाहेरून आणून लावलेली नसते. ती आतच होती, तिच्यावरचे मेलेले आम्ही काढले. शेवटी मेण लावतो ते फक्त तिचे रक्षण व्हावे म्हणून. म्हणूनच मी त्या दिवशी काकांना छातीठोकपणे सांगितले, की ही फसवणूक नव्हे. धुतलेला माणूस आणि मुखवटा घातलेला माणूस यांत जो फरक, तोच येथे आहे.

मुखवट्याचा प्रसंग चौथ्या दिवशी आला. आतल्या रबरी चटया उचलल्या तेव्हा चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून पापुद्र्यासारखा सुटलेला दिसला. पावसाचे पाणी दाराच्या झिजलेल्या रबरातून आत येत होते आणि चटईखाली वर्षानुवर्षे साचत होते. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला. मोटार जॅकवर चढवून खाली पाहिले, तर मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची लोखंडी नळीही गंजाने फुगली होती. दोष मोटार बनवणाऱ्याचा नव्हता. तो आमचा होता.

मेस्त्री म्हणाला, "काळजी नको. वरून पत्र्याची पट्टी, त्यावर लांबी, त्यावर काळा रंग. खालूनही काळा फवारा मारू. कोणाच्या बापाला कळणार नाही." मेस्त्री लोक ज्याला लांबी म्हणतात, ती भोके आणि पोचे बुजवण्याची पुटी. ती घासून वर रंग मारला की डोळ्याला पत्राच वाटतो. जुने जाणते गिऱ्हाईक म्हणून खिशात लोहचुंबक ठेवीत. जेथे तो चिकटत नाही तेथे खाली लांबी आहे. हल्ली व्यापाऱ्यांकडे रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगणारे छोटे यंत्र असते. पण तळाच्या काळ्या रंगाखाली कोण यंत्र लावतो?

त्या रात्री घरात दोन पक्ष पडले. काकांचे एक शिक्षक मित्र आले होते. ते म्हणाले, "अहो गुरुजी, तुम्ही कोणा गरिबाला विकताय का? व्यापाऱ्याला देताय. त्याला डोळे आहेत, त्याचा धंदाच तो. त्याने पाहावे. आणि तुम्ही खरे सांगितलेत तरी तो धरून चालणार की तुम्ही आणखी काहीतरी लपवलेय. खरे बोलून दुप्पट तोटा!" काकू म्हणाल्या, "पण ब्रेकच्या नळीचं काय? घाटात कोणी उतरणार असेल ना त्यात?" त्यावर सगळे गप्प झाले. सावळघाट आणि कोटंबीचा घाट आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. तेथे ब्रेक हा सौद्याचा विषय होऊ शकत नाही.

मित्रांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल की नेमक्या याच मुद्द्यावर एका माणसाला नोबेल पारितोषिक मिळाले. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. अमेरिकन बोलीत खोडीच्या मोटारीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात, म्हणून त्याचे नाव 'द मार्केट फॉर लेमन्स'. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला, चौथ्याने छापला. २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अकरलॉफ यांना नोबेल मिळाले.

त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत असे. बाजारात निम्म्या मोटारी चांगल्या, दोन लाखांच्या, आणि निम्म्या खराब, एक लाखाच्या आहेत. विकणाऱ्याला आपली मोटार कोणती ते ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा मधली किंमत देतो, दीड लाख. खराब मोटारीचा मालक आनंदाने विकतो. चांगल्या मोटारीचा मालक म्हणतो, दोन लाखांची वस्तू दीडमध्ये का देऊ? तो बाजारातून निघून जातो. आता बाजारात खराबच जास्त उरतात, हे घेणाऱ्याला कळते, तो आणखी कमी किंमत देतो. असे करता करता चांगली वस्तू बाजारातून नाहीशी होते. म्हणजे लपवाछपवीने एका गिऱ्हाइकाचेच नुकसान होते असे नाही. खरे बोलणाऱ्याचे होते आणि शेवटी सगळ्या बाजाराचे होते. शिक्षक मित्र म्हणाले ते वर्णन म्हणून अगदी बरोबर होते, परंतु सल्ला म्हणून ते आगीत तेल होते. सगळे लपवतात म्हणून मीही लपवतो, हेच ज्याने त्याने म्हटले की अकरलॉफचे गणित पूर्ण होते.

हे गणित आपल्या लोकांना नोबेलच्या आधीपासून ठाऊक आहे. बैलबाजारात गेलेल्या कोणालाही विचारा. विकावयाच्या बैलाला धुतात, शिंगे साळतात, तेल लावतात. त्यात कोणी वावगे मानत नाही. पण घेणारा तेल पाहत नाही, तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, असे वय दातांवरून ठरते. मग तो बैल चालवून पाहतो, खांद्यावर हात फिरवतो. शिंग साळणे चालते. लंगड्या बैलाला उभा दाखवून विकणे चालत नाही. बाजारातल्या या अलिखित नियमात मला मोठे शहाणपण दिसते. नटवणे आणि झाकणे यांतली रेघ आपल्या आजोबांनी बरोबर ओढली होती.

कायदाही याच वाटेने जातो. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही फसवणूक आहे, असे ते म्हणते. नुसते गप्प बसणे ही मात्र एरवी फसवणूक नव्हे. तेथे दिलेली उदाहरणे घोड्याची आहेत, आणि घोड्याच्या जागी मोटार घातली तरी काही बिघडत नाही. 'अ' आपला सदोष घोडा लिलावात 'ब'ला विकतो आणि काहीच बोलत नाही. फसवणूक नाही. पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग नात्यामुळेच दोष सांगण्याचे कर्तव्य 'अ'वर येते. आणि 'ब' म्हणाला, की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, आणि 'अ' गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच झाले.

या तीन उदाहरणांतून आपण आपल्या तालुक्याकडे पाहिले पाहिजे. पेठ हे लिलावाचे गाव नव्हे. येथे घेणारा कोणाचा तरी मामा असतो, कोणाचा तरी सोयरा, कोणाचा तरी माजी विद्यार्थी असतो. काकांनी तर निम्म्या तालुक्याला बाराखडी शिकवली. आमचे नाते पहिल्या उदाहरणातले नाही, दुसऱ्यातले आहे. "व्यापाऱ्याला देतोय" हे म्हणणेही पुरते खरे नाही. व्यापारी मोटार लोणच्यासारखी मुरत ठेवत नाही, तो ती कोणाला तरी विकतो. आणि कोणाला?

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात नव्या कोऱ्या मोटारी तयार होतात. तेथून पेठ सुमारे ५५ किलोमीटर. पण नवी मोटार हे ५५ किलोमीटर क्वचितच थेट येते. ती आधी शहरात दहा-बारा वर्षे फिरते, तेथून उतरली की स्वस्त होते, आणि मग आपल्या घाटात चढते. आपल्या रस्त्यांवर सीट भरून पळणाऱ्या जिपांकडे पाहा, पाड्यापाड्यांवर उभ्या असलेल्या लहान मोटारींकडे पाहा. पुष्कळशा शहराने अंगावरून उतरवलेल्या. मुंबईची टॅक्सी वीस वर्षे झाली की रस्त्यावरून उतरवायची असा नियम आहे. त्याच नियमाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईतून कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला हळहळून निरोप दिला. आपल्या पाड्यावरच्या जुन्या मोटारीला निरोप देण्याची ऐपत कोणाची आहे? ती चालेल तोवर चालवायची. म्हणून जुन्या मोटारीबद्दलचे खोटे शहरात बोलले गेले तरी त्याची किंमत घाटात मोजली जाते. ती मोजणारे आपलेच लोक असतात.

शेवटी काकांनी निर्णय दिला. ब्रेकची नळी नवी बसवली. ती सांगून सोडून देण्याची बाब नव्हती, दुरुस्त करण्याचीच होती. तळाच्या पत्र्याला लांबी लावली नाही, काळा फवारा मारला नाही. तो होता तसा ठेवला आणि सांगावयाचे ठरले. काकांनी वहीचा एक कागद फाडून त्यावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: रंग मूळचा आहे, फक्त पॉलिश केले आहे, ब्रेकची मागची नळी या महिन्यात बदलली, चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजला आहे, वेल्डिंग करून घ्यावे, डावीकडच्या मागच्या दारातून पाणी येते. खाली सही केली, आणि तो कागद मोटारीच्या पुस्तिकेत ठेवला.

नाशिकच्या व्यापाऱ्याच्या माणसाने मोटारीभोवती चक्कर मारली, बॉनेटवर, दारांवर यंत्र लावले आणि समाधानाने म्हणाला, "कलर ओरिजिनल आहे." एक आकडा सांगितला. काकांनी मग चटई उचलली. त्याने वाकून पाहिले, आकड्यातून नऊ हजार रुपये कमी केले आणि काकांकडे जरा विचित्र नजरेने पाहिले. मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. परतीच्या वाटेवर काका बोलले नाहीत. चाचडगाव मागे पडल्यावर एवढेच म्हणाले, "नऊ हजार गेले. पण झोप लागेल." मला वाटले, झाले. आम्ही चकाकीही केली आणि सत्यही सांगितले. लेख लिहावयाचा तर तो येथेच संपला असता.

पण फेब्रुवारीत आठवडे बाजाराच्या दिवशी मला ती मोटार पेठमध्ये दिसली. नंबर ओळखीचा, लाल रंग अजून चमकत होता. करंजाळीकडच्या एका पाड्यावरचा तरुण शेतकरी तिच्यात भाजीच्या जाळ्या भरत होता. मागच्या सीटवर त्याची आई आणि दोन लहान मुले. मी ओळख सांगितली. त्याला आनंद झाला. मी विचारले, "पायाखालचा पत्रा करून घेतला का?" तो म्हणाला, "कोणता पत्रा?"

आम्ही दोघांनी चटई उचलली. तेथे आता काळा रंग होता, छान, सपाट. मी बोटाने दाबले तर रंगाखाली लांबी. मोटारीची पुस्तिका त्याच्याकडे होती, काकांचा कागद तिच्यात नव्हता. तो मधल्या कोणत्या टेबलावर गळाला ते मला माहीत नाही. माझ्यावर तो चिडला नाही. पण एक वाक्य बोलला, ते मला अजून टोचते. म्हणाला, "दादा, मी काय पाहणार? रंग एवढा सांभाळलेला दिसला, म्हटलं मालकानं बाकीचं पण सांभाळलं असेल."

वाचकहो, येथे माझे मत थोडे बदलले. पॉलिश ही फसवणूक नव्हे हे मी आजही म्हणतो. आमची चकाकी रंगाबद्दल खरेच बोलत होती. परंतु घेणारा नुसता रंग ऐकत नाही. तो शितावरून भाताची परीक्षा करतो. चकाकी त्याच्या कानात आणखी पुष्कळ काही सांगते: येथे काळजी घेणारा माणूस राहत होता, तेल वेळेवर बदलले होते, तळ कोरडा होता. आमच्या बाबतीत यातले काहीच खरे नव्हते. चार दिवसांच्या घासण्याने आम्ही तेरा वर्षांच्या काळजीची साक्ष निर्माण केली होती. धुळीने माखलेली, गुलाबी पडलेली मोटार त्याने पाहिली असती, तर त्याने स्वतःच चटई उचलली असती. आमचा मळ प्रामाणिक होता. तो आम्ही पुसला, म्हणून त्याच्या जागी बोलण्याची जबाबदारी आमच्यावर आली, आणि ती एका कागदावर सोडून आम्ही मोकळे झालो.

म्हणून माझे मत असे आहे: विकण्यापूर्वी वस्तू जरूर चमकवावी, परंतु जितके चमकवाल तितके अधिक बोलले पाहिजे. आणि जेथे ऐकणारा मधला माणूस असेल तेथे बोलणे शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल अशी तजवीज केली पाहिजे. आम्ही काय करू शकलो असतो? गंजलेला पत्रा आम्हीच वेल्डिंग करून घेऊ शकलो असतो. खर्च नऊ हजारांपेक्षा कमीच आला असता. किंवा येथेच, गावात, ओळखीत मोटार विकू शकलो असतो, थोड्या कमी किमतीला, समोरासमोर बोलून. कोणी म्हणेल, इतका विचार करणाऱ्याने जुनी मोटार विकूच नये. मी तसे म्हणत नाही. जुन्या वस्तू हातोहात फिरल्या पाहिजेत, नाहीतर आपल्यासारख्या तालुक्यात चारचाकी चढणारच नाही. माझे म्हणणे एवढेच, की वस्तूबरोबर तिची खरी हकिगतही फिरली पाहिजे.

आणि आजींच्या प्रश्नाचे काय? एवढी देखणी होती तर आधी का नाही? याचे उत्तर मला मोटारीपेक्षा आपल्या सगळ्यांच्या स्वभावात दिसते. तपासणीसाठी समिती येणार म्हटले की कोणत्याही महाविद्यालयाच्या भिंती रंगतात, फुटके नळ नीट होतात, ग्रंथालयातली धूळ उडते. समिती गेली की ते सारे पुढच्या समितीपर्यंत. आपण विद्यार्थी तरी काय वेगळे? परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन हे पॉलिशच आहे. गुणपत्रिकेवरची चकाकी पाहून उद्या कोणी आपल्याला वर्गात उभे करील, आणि चटईखाली काय आहे ते मुलांना भोगावे लागेल.

आपल्या परंपरेत नटवण्याचे दोन दिवस आहेत. एक बाजाराचा, दुसरा पोळ्याचा. दोन्ही दिवशी बैल धुतात, दोन्ही दिवशी शिंगांना रंग लागतो. पण बाजारात तो गिऱ्हाइकासाठी असतो, पोळ्याला तो त्या बैलासाठी असतो. दसऱ्याला मोटारीला झेंडूचा हार घालतो तोही खरे तर तिचा पोळाच. मात्र आम्ही तेरा दसऱ्यांना फक्त हार घातला, पाणी घातले नाही. वर्षातून दोनदा दोन बादल्या पाणी, एकदा मेण, आणि पावसाळा संपल्यावर चटई उचलून एक नजर, एवढे केले असते तर ना चार दिवस घासावे लागले असते, ना वहीचा कागद फाडावा लागला असता.

नव्या मोटारीला काकांनी आंब्याखालून हलवले आहे. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा ते तिच्या चटया उन्हात वाळत घालत होते. करंजाळीच्या त्या तरुणाच्या मोटारीचा पत्राही झाला आहे. वेल्डिंगचे पैसे काकांनी दिले. तो घेत नव्हता. काका त्याला म्हणाले, "घे रे. हे मोटारीचे नाहीत, पॉलिशचे आहेत."